तंत्रज्ञानाने जग जोडले ते वेगामुळे की खात्रीमुळे?

आधुनिक तंत्रज्ञानामुळेच जागतिकीकरण घडले असे म्हणता येईल का, त्यात इंटरनेटचा वाटा सर्वांत मोठा मानावा का, या सगळ्याचा सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्यावर नेमका काय परिणाम झाला आणि हे चक्र आता उलटे फिरेल का, असे चार प्रश्न तुम्ही एकत्र विचारले आहेत. मी बरीच वर्षे आंतरराष्ट्रीय मालपुरवठ्याच्या नियोजनात काम करतो. कोणता सुटा भाग कोणत्या देशातून मागवायचा, किती आधी मागवायचा आणि तो वेळेवर आला नाही तर काय करायचे, हे ठरवणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे माझे उत्तर मालाच्या बाजूने येईल. समाजशास्त्राचा अभ्यासक हेच उत्तर वेगळ्या क्रमाने देईल आणि तेही चुकीचे असणार नाही.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे आणि ते बहुतेकांच्या मनात असते: तंत्रज्ञानाने सगळे वेगवान केले आणि वेग वाढल्यामुळे जग जवळ आले. मला हे अर्धेच खरे वाटते. व्यापाराला वेगापेक्षा अधिक गरज असते ती खात्रीची. माल कधी पोहोचेल, कोणत्या अवस्थेत पोहोचेल आणि त्याचे पैसे मिळतील की नाही, हे आधी सांगता आले पाहिजे. गेल्या सत्तर वर्षांत ज्या तंत्रांनी जागतिकीकरण खरोखर शक्य केले, त्यांतल्या बहुतेकांनी प्रामुख्याने ही खात्री वाढवली. रोजच्या जगण्यातले सोयीचे आणि जाचक असे दोन्ही बदल याच बाजूने पाहिले तर अधिक नीट उलगडतात.

याचा सर्वांत सोपा पुरावा जहाजांचा आहे. जगातील मालव्यापाराचा, आकारमानाच्या हिशेबाने, ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग आजही समुद्रमार्गेच जातो. १९७० च्या दशकाच्या आरंभी सी-लँड या अमेरिकी कंपनीने एसएल-७ नावाची आठ कंटेनर जहाजे, म्हणजे धातूच्या मोठ्या पेट्यांत भरलेला माल नेणारी जहाजे, बांधून घेतली होती. ती ३३ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६१ किलोमीटर वेगाने धावू शकत. त्यांना इंधन इतके लागे की तेलाच्या किमती भडकल्यावर ती चालवणे परवडेना, आणि पुढच्या दशकाच्या आरंभी ती अमेरिकी नौदलाने विकत घेतली. आजची कंटेनर जहाजे साधारणपणे त्यांच्या निम्म्याच्या आसपास वेगाने चालतात; २००८ च्या मंदीनंतर तर जहाज कंपन्यांनी इंधन वाचवण्यासाठी वेग मुद्दाम कमी केला. तरीही या पन्नास वर्षांत समुद्रमार्गे जाणारा माल चौपटीहून अधिक वाढला आहे. वेग हेच मुख्य कारण असते, तर असे घडले नसते.

मग बदलले काय? प्रामुख्याने बदलला तो बंदरातला काळ. कंटेनरच्या आधी पोती, पिंपे, लाकडी खोकी असा सुटा माल माणसे एकेक करून जहाजात चढवत आणि उतरवत. त्यात दिवसच्या दिवस जात, काही माल भिजे, काही चोरीला जाई, आणि कोणती वस्तू कोणत्या तारखेला हाती पडेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नसे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकी वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. सुटा माल चढवण्याचा खर्च त्या काळी टनामागे जवळपास सहा डॉलर धरला जाई. या जहाजावर तो १६ सेंटच्याही आत आल्याचा हिशेब तेव्हा मांडला गेला.

हा आकडा सर्वत्र सांगितला जातो, पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट त्यानंतरच्या दशकात घडली. सुरुवातीला प्रत्येक कंपनीची पेटी वेगळ्या मापाची होती आणि ती उचलणारी यारीही वेगळी होती. अशा पेटीने खर्च वाचतो, पण ती त्या कंपनीच्या जहाजांपुरतीच उपयोगी पडते. पुढे पेटीच्या कोपऱ्यातील पकड आणि कुलूप यांच्या रचनेचे हक्क कोणताही मोबदला न घेता खुले करण्यात आले, आणि १९६८ पासून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने पेट्यांची मापे ठरवून द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून एका देशात भरलेली पेटी दुसऱ्या देशातल्या अनोळखी ट्रकवर, रेल्वेवर आणि जहाजावर तशीच बसू लागली. आमच्या क्षेत्रात जहाजाची क्षमता आजही वीस फुटी पेटीच्या हिशेबाने, टीईयूमध्ये सांगतात. सर्वांत मोठी जहाजे आता २४,००० टीईयूच्या पुढे गेली आहेत. ज्या यंत्राचे कौतुक होते त्याच्यामागे बहुतेक वेळा असे एखादे कंटाळवाणे मानक असते, आणि जागतिकीकरणाचे बरेचसे श्रेय अशा मानकांना द्यावे लागते.

आता खात्रीला इतके महत्त्व का, हे एका उदाहरणाने सांगतो, कारण माझ्या साऱ्या उत्तराचा गाभा तोच आहे. समजा, एकच सुटा भाग दोन ठिकाणी मिळतो. पहिल्या पुरवठादाराकडून तो दर वेळी बरोबर चाळीस दिवसांत येतो. दुसऱ्याकडून तो सरासरी पंचवीस दिवसांत येतो, पण कधी पंधरा दिवस लागतात तर कधी पन्नास. सरासरी पाहिली तर दुसरा उजवा वाटेल. नियोजन करणारा मात्र बहुतेक वेळा पहिल्याकडे झुकतो, कारण त्याच्यासाठी चाळीस दिवस आधी मागणी नोंदवली की काम संपते, तर दुसऱ्यासाठी पन्नास दिवसांची वेळ कधीही येऊ शकते हे धरून गोदामात मोठा राखीव साठा, म्हणजे आम्ही ज्याला सेफ्टी स्टॉक म्हणतो तो, कायम पडून ठेवावा लागतो. त्या साठ्यात पैसा अडकतो, जागा अडते आणि माल जुना होतो. याला अपवादही आहेत. महाग, हलक्या आणि लवकर जुन्या होणाऱ्या वस्तूंसाठी वेगच मोलाचा असतो. म्हणूनच विमानाने जाणारा माल जगाच्या व्यापारात वजनाने एक टक्क्याहूनही कमी असला तरी किमतीने तो सुमारे एक तृतीयांश भरतो. बाकी बहुतेक मालाच्या बाबतीत चाळीस दिवसांची खात्री पंचवीस दिवसांच्या आशेपेक्षा स्वस्त पडते.

ही खात्री मिळाली तेव्हा एक वस्तू एकाच कारखान्यात बनवण्याची गरज संपली. दहा देशांत दहा भाग बनवून अकराव्या देशात ते जोडणे शक्य झाले. लोक ज्याला जागतिकीकरण म्हणतात, त्यातला नवा भाग मला हाच वाटतो. दूरदेशीचा तयार माल विकत घेणे शतकानुशतके चालत आले होते. वस्तू तयार होण्याची प्रक्रियाच देशोदेशी विखुरणे मात्र या काळाचे वैशिष्ट्य आहे. नेदरलँड्समधील एएसएमएल कंपनी अत्यंत सूक्ष्म चिप बनवण्यासाठी लागणारी ईयूव्ही, म्हणजे अत्यंत कमी तरंगलांबीच्या अतिनील किरणांची, यंत्रे बनवते. जगात ती दुसरे कोणीही बनवत नाही, आणि तरीही तिच्या एका यंत्रात एक लाखाहून अधिक भाग असतात, ज्यांतले आरसे जर्मनीतील झाइस कंपनीकडून येतात.

इंटरनेटचा वाटा इथे येतो, पण तो एकट्याचा नाही आणि पहिलाही नाही. ज्या १९५६ साली ‘आयडियल एक्स’ निघाले, त्याच साली अटलांटिकच्या तळातून पहिली टेलिफोन केबल सुरू झाली. तिच्यावर सुरुवातीला एका वेळी ३६ संभाषणे होऊ शकत, आणि न्यूयॉर्कहून लंडनला तीन मिनिटे बोलण्यास १२ डॉलर पडत. १९८८ मध्ये त्याच महासागरात टीएटी-८ ही पहिली ऑप्टिकल फायबर केबल पडली, तेव्हा ही क्षमता एका वेळी सुमारे ४०,००० संभाषणांवर गेली. आज खंडांमधल्या माहितीच्या वाहतुकीचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग अशा केबलींमधूनच होतो. उपग्रहांचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा फार लहान आहे. वर्ल्ड वाइड वेब १९९३ मध्ये सर्न या संशोधन संस्थेने सर्वांसाठी मोफत खुले केले, तोवर बँकांमधील व्यवहाराचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावरून १९७७ पासून जात होते आणि मालावरचा बारकोड १९७४ पासून वाचला जात होता. इंटरनेटने या सुट्या सोयी एकमेकींना जोडल्या आणि लहान व्यवसायांच्याही आवाक्यात आणल्या. शिवाय आराखडे, हिशेब, भाषांतर, ग्राहकसेवा अशी ज्या कामांना पेटीच लागत नाही, ती कामेही त्याने सीमेपार नेली. त्यात उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची भर पडली. जीपीएसच्या नागरी वापरासाठीचा संदेश मुद्दाम अस्पष्ट ठेवण्याची पद्धत अमेरिकेने मे २००० मध्ये बंद केली आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या जहाजांना स्वतःचे स्थान सतत कळवणारी यंत्रणा बसवणे बंधनकारक झाले. तेव्हापासून आम्हाला माल कुठे असेल याचा अंदाज बांधावा लागत नाही, तो कुठे आहे हे दिसते.

तंत्रज्ञानामुळेच हे सगळे घडले का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर मात्र नकारार्थी आहे. तंत्रज्ञान शक्यता निर्माण करते. ती वापरायची की नाही हे सरकारे, करार आणि कर ठरवतात. आगबोटी, तारायंत्र आणि १८६९ चा सुएझ कालवा यांच्या बळावर पहिल्या महायुद्धापूर्वीही जग बरेच एकत्र आले होते. १९१४ नंतर यांतले एकही तंत्र नाहीसे झाले नाही, तरीही व्यापार आटला. उलट १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली, २००१ च्या डिसेंबरात चीन तिचा सदस्य झाला, आणि आधीच तयार असलेल्या पेट्या व केबली पूर्ण क्षमतेने वापरात आल्या. जगाच्या एकूण उत्पन्नाच्या तुलनेत आयात-निर्यातीचे प्रमाण १९७० च्या सुमारास पंचवीस टक्क्यांच्या आसपास होते, ते २००८ पर्यंत साठ टक्क्यांच्या घरात गेले आणि नंतर तिथेच घुटमळत राहिले. स्मार्टफोन जगभर पोहोचला तो याच घुटमळण्याच्या काळात.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, मानकांनी आणि माहितीने खात्री दिली, खात्रीने साठा कमी करू दिला, आणि धोरणांनी परवानगी दिली तेव्हा उत्पादन विखुरले. आता रोजच्या जगण्याकडे वळतो.

वस्तू स्वस्त झाल्या, निवड वाढली, परदेशी गेलेल्या माणसाशी रोज बोलता येऊ लागले, हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्याचे मोल कमी नाही. माझ्या लक्षात येणारा बदल थोडा निराळा आहे. कारखान्यांनी जे केले तेच माणसांनीही केले: खात्री वाटू लागली तसा हाताशी राखीव ठेवण्याचा रिवाज सोडला. दूरध्वनी क्रमांक पाठ राहिले नाहीत, कागदी नकाशे गेले, रोख रक्कम कमी झाली, महत्त्वाचे कागद दूरवरच्या संगणकावर गेले. हे सगळे तर्कशुद्धच आहे; जी गोष्ट मागताक्षणी मिळते ती साठवायची कशाला? प्रश्न उरतो तो ती मिळेनाशी झाल्यावर. १५ जानेवारी २०२२ रोजी ज्वालामुखीच्या उद्रेकाने टोंगा या द्वीपराष्ट्राला जगाशी जोडणारी एकमेव समुद्री केबल तुटली आणि ती पुन्हा सुरू होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. जगभर वर्षाला अशा केबलींमध्ये दीडशे ते दोनशे बिघाड होतात, बहुतेक मासेमारीमुळे आणि जहाजांच्या नांगरांमुळे, आणि आपल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही, कारण जिथे अनेक केबली आहेत तिथे माहिती दुसऱ्या वाटेने जाते. टोंगाला दुसरी वाट नव्हती.

दुसरा परिणाम मला अधिक गंभीर वाटतो आणि त्याबद्दल कमी बोलले जाते. व्यवस्थेतली अनिश्चितता नाहीशी होत नाही, बऱ्याचदा ती एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर सरकते. ग्राहकाला अमुक तासात वस्तू मिळेल असे वचन दिले जाते तेव्हा मागणीतला चढउतार कोणीतरी सोसावा लागतो. तो गोदामातल्या साठ्याने सोसला नाही, तर ज्याची पाळी आदल्या दिवशी कळते तो कामगार सोसतो, ज्याला कामाप्रमाणेच पैसे मिळतात तो वस्तू पोहोचवणारा सोसतो, किंवा मोठ्या खरेदीदारापुढे ज्याचे काही चालत नाही तो लहान पुरवठादार सोसतो. दुसऱ्या खंडातल्या ग्राहकाच्या दिवसाप्रमाणे रात्र जागवणारा नोकरदारही याच रांगेत बसतो. नियोजनाच्या टेबलावर हे सहज दिसते. आम्ही एका रकान्यातला साठा कमी करतो तेव्हा दुसऱ्या कुठल्यातरी रकान्यात जादा तास वाढतात.

तिसरा परिणाम म्हणजे दूरवरचा धक्का थेट घरात येणे. २०२० च्या आरंभी मोटार कंपन्यांनी मागणी घटेल या अंदाजाने चिपच्या मागण्या रद्द केल्या. घरून काम करणाऱ्यांच्या संगणकांसाठी तीच उत्पादनक्षमता दुसऱ्यांनी घेतली. चिप तयार होण्यास तीन-चार महिने लागत असल्याने मोटारींची मागणी परतली तेव्हा चिप मिळेनात, आणि २०२१ मध्ये जगभर मोटार कारखाने थांबले. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकून पडले. संगणकाच्या बाजूनेही असेच घडते: १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीतील एका सदोष बदलामुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत कामे खोळंबली.

यातही खात्रीचाच मुद्दा पुन्हा दिसतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. पहिल्या आठवड्यांत आमच्या क्षेत्रात मोठी तारांबळ उडाली, कारण कोणते जहाज वळेल आणि कोणते थांबेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे वेळापत्रके नव्या मार्गानुसार बेतली गेली, तेव्हा अंतर तेवढेच लांब आणि खर्चही जादाच असूनही नियोजन पुन्हा जमू लागले. लांब रस्त्याशी जुळवून घेता येते. न कळणाऱ्या रस्त्याशी घेता येत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, नाहीतर वरचे सगळे सर्वांना सारखे लागू आहे असे वाटेल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ मधील अंदाजानुसार तेव्हाही सुमारे २६० कोटी लोक इंटरनेट वापरत नव्हते; पेट्यांतून आलेला माल त्यांच्यापर्यंतही पोहोचतो, पण माहितीचा लाभ पोहोचत नाही. ज्याचे काम लेखी सूचनांत नेमके मांडता येते त्याचे काम दुसऱ्या देशात जाण्याचा संभव जास्त, मग ते काम कारखान्यातले असो की कार्यालयातले. ज्याचे काम प्रत्यक्ष हजर राहूनच होते त्याला ही स्पर्धा कमी जाणवते. एकच माणूस ग्राहक म्हणून फायद्यात आणि कामगार म्हणून तोट्यात असू शकतो, आणि या दोहोंची बेरीज काय येते हे त्याचे वय, कौशल्य आणि त्याच्या देशातली सामाजिक सुरक्षा यांवर ठरते. म्हणून ‘जगणे सुधारले की बिघडले’ याचे एका वाक्यातले उत्तर मी देणार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. चक्र उलटे फिरेल असे मला आज दिसत नाही; ते वेगळ्या घडीत बसते आहे. कंपन्या थोडा अधिक साठा ठेवू लागल्या आहेत, एकाऐवजी दोन देशांतून खरेदी करू लागल्या आहेत, आणि सरकारे चिपसारख्या वस्तूंचे कारखाने आपल्या देशात यावेत म्हणून पैसे देत आहेत. पण दोन पुरवठादार नेमले म्हणजे धोका वाटला गेला, हा समज कागदावरच खरा ठरतो. मार्च २०११ च्या भूकंपानंतर जपानमधील ओनाहामा येथील मर्क कंपनीचा कारखाना बंद पडला. मोटारींच्या रंगाला विशिष्ट चमक देणारे एक रंगद्रव्य फक्त तिथेच बनत असे. परिणामी दुसऱ्या खंडांतील, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मोटार कंपन्यांना काही रंगांच्या गाड्यांची मागणी थांबवावी लागली. त्यांच्या रंगाच्या पुरवठादारांची नावे वेगळी होती, पण मूळ एकच होते.

म्हणून नवा पुरवठादार निवडताना आम्ही आता त्याच्या किमतीच्या जोडीला त्याचा पुरवठादार कोण आणि त्या पुरवठादाराचा कच्चा माल कुठला, हेही विचारतो. पहिल्या पायरीचे उत्तर बहुतेक वेळा मिळते, दुसऱ्या पायरीवर टाळाटाळ सुरू होते आणि तिसऱ्या पायरीवर ‘व्यावसायिक गुपित’ असे सांगितले जाते. कितीही चांगली संगणक प्रणाली घेतली तरी जी माहिती तिच्यात कोणी भरतच नाही ती तिला दाखवता येत नाही. अशा वेळी जिथे एका भागावाचून सगळे काम थांबेल असे असते, तिथे आम्ही किंमत थोडी वाढवून देतो आणि मूळ कारखान्याचा पत्ता देण्याची, तो बदलल्यास आधी कळवण्याची अट करारातच घालतो. बाकीच्या भागांसाठी ही उठाठेव परवडत नाही, आणि त्यांच्याबाबतचा धोका तसाच राहतो.